निळ्या दोऱ्याचा डबा

आगाता घरून निघाली ती नखशिखांत काळ्यात. गाडीनं क्रोतोने स्टेशन सोडलं तशी ती संडासात गेली आणि बाहेर आली ती माझा निळा स्वेटर घालून, डोक्यावरचा काळा रुमाल पिशवीच्या तळाशी कोंबून, ओठांना माझीच लिपस्टिक लावून. लिपस्टिक तिनं त्याआधी आयुष्यात एकदाच लावली होती, नवरी होती तेव्हा.

"कशी दिसते गं?"

"लग्नाला निघाल्यासारखी."

"अगं बाई! पुसून येते."

"बस खाली. तसंच दिसायला हवंय आपल्याला."

तिची आई जाऊन तेवीस दिवस झाले होते. गावात कुणी तिला त्या स्वेटरात पाहिलं असतं तर निम्म्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली असती, उरलेल्या निम्म्या सांगत सुटल्या असत्या. म्हणून तर क्रोतोने मागं पडेपर्यंत थांबलो. तिथवर ओळखीचं कुणी ना कुणी चढतंच.

मी सेराफिना. आमच्या स्टेशनावर कॉफीचं दुकान आहे ते माझं. माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला आगातानं धर्ममाता म्हणून तिला हातात धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कुमारे. सख्ख्या बहिणी भांडतात, वाटण्या करतात. कुमारेंना ती सोय नाही. तिला देशाच्या दुसऱ्या टोकाला, पार उत्तरेत तोरिनोला जायचं होतं, आयुष्यात ती तारान्तोच्या पुढं गेली नव्हती, आणि मी तरुणपणी तीन वर्षं तिकडं लोकांची धुणी धुतली होती. तेव्हा मी सोबत निघाले.

तोरिनोच्या एका इस्पितळात तिचा धाकटा भाऊ साव्हेरियो पडून होता. एकोणिसाव्या वर्षी तो घर सोडून गेला आणि गाड्यांच्या ब्रेकचे पट्टे बनवायच्या कारखान्यात लागला. तिथली पांढरी भुकटी अठ्ठावीस वर्षं छातीत भरून घेतली. लग्न केलं नाही. वसंतापासून नळीतून श्वास घेत होता. डॉक्टर म्हणाले होते, नाताळपर्यंत.

आणि त्याला आई गेल्याचं सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं सांगत नाहीत. जाणाऱ्याला त्याचं स्वतःचं मरण सांगत नाहीत, मग दुसऱ्याचं कशाला सांगतील? पाद्रीबुवा, मामेभाऊ, शेजारपाजार, सगळ्यांचं एकमत झालं. एरवी आमच्या गावात विहिरीच्या दोरावरूनही दोन तट पडतात. अडचण एकच होती. दर रविवारी अकराच्या सुमारास साव्हेरियोचा फोन माझ्या दुकानात यायचा आणि त्याची आई, आमची चिच्चामावशी, प्रार्थना आटोपून थेट त्या फोनपाशी येऊन बसायची. ती गेल्यावरच्या पहिल्या रविवारी आगातानं सांगितलं, आईला सर्दी झालीय. दुसऱ्या रविवारी, गुडघे धरलेत, चालवत नाही. तिसऱ्या रविवारी नुसता त्याचा श्वास चालला होता. नळीतून हवा आल्यासारखा आवाज मलाही कॉफीच्या यंत्रापाशी ऐकू येत होता. मग म्हणाला, "बरं. यंदाची अंजिरं घेऊन ये. तिच्या हातची. अंजिरं आली की मी समजेन, बरी आहे."

अंजिरं होती, हे नशीब. चिच्चामावशी दर सप्टेंबरात ती करायची. वाळलेली अंजिरं पोटात उभी चिरायची, दोन आडवीतिडवी ठेवायची, मध्ये अक्रोड आणि महाळुंगाची साल, वर आणखी दोन. झाला क्रूस. भट्टीत तांबूस भाजायचा, अंजिराच्याच काकवीत बुडवायचा आणि गरम असतानाच मधोमध अंगठा दाबायचा. आमच्या किनाऱ्यावर घराघरांत करतात. पण चिच्चामावशीच्या उजव्या अंगठ्याचं पेर तरुणपणी ऑलिव्हच्या घाण्यात गेलं होतं, त्यामुळं तिच्या क्रूसावरचा खळगा चपटा, एका बाजूनं तुटका पडायचा. शंभरांतून ओळखावा असा. साव्हेरियोसाठी दरवर्षी आठ क्रूस, तमालपत्रांच्या थरांत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डब्याला ती पांढरं फडकं घालून लाल दोऱ्यानं शिवून टाकायची. वाटेत कुणी उघडलाच तर कळावं म्हणून.

यंदाचा डबाही तिनंच भरला होता, तिनंच शिवला होता. मग आठ दिवसांनी, कोंबड्यांना दाणे टाकता टाकता, ती अंगणात बसली आणि उठली नाही.

तेव्हा त्या डब्यात काय होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. आणि तो डबा गाडीत जपून ठेवायचं काम माझ्याकडं होतं. मी तो बाकाखाली सरकवला.

तेव्हा आमच्या गाड्यांना सहा-सहा जणांचे कप्पे असत, सरकत्या दाराचे. आमच्या कप्प्यात आमच्याखेरीज बारीचे एक लोमुश्शो नावाचे गृहस्थ होते, शिलाई मशिनं विकणारे. टाय बांधलेले, झोपेत मान हलवत सगळ्या जगाला होकार देणारे. मेतापोन्तोला दार सरकलं आणि दोन पाठपिशव्या आत आल्या. त्यांच्यामागं दोन माणसं आली.

"क्षमा असावी," पुरुष म्हणाला, "ही आसने रिक्त आहेत काय?"

आमची भाषा तो पुस्तकातून शिकला होता आणि पुस्तक बहुधा त्याच्या आजोबांचं होतं. नाव वाउटर. बायको टिनेका. दोघंही पंचावन्नच्या आसपासची, हॉलंडची, शाळामास्तर आणि मास्तरीण. नाकं उन्हानं सोललेली. महिनाभराचा रेल्वेचा पास काढून सगळा देश फिरत होती. त्यानं गुडघ्यावर नकाशा पसरला. जिथून जिथून गाडीनं गेले तिथून लाल रेघ मारलेली. आमच्या अख्ख्या किनाऱ्यावरून ती रेघ गेली होती. आमच्या स्टेशनावर तो ठिपकासुद्धा नव्हता.

"आम्ही केवळ मंदगती गाड्यांनी प्रवास करतो," तो म्हणाला. "शीघ्र गाड्यांतून देश दिसत नाही."

"ही शीघ्रच आहे," लोमुश्शो डोळे न उघडता म्हणाले.

खिडकीबाहेर समुद्र आला की दोघं उठून उभी राहायची. मला कौतुक वाटायचं. आम्ही त्या समुद्राकडं पाठ करून बसतो, सरदी होते.

मेतापोन्तो मागं पडलं आणि गाडी माळावर थांबली. का ते कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. अर्धा तास झाला. मग मला करपल्याचा वास आला. गोड, काळपट वास, कढईत साखर विसरल्यासारखा.

ऑक्टोबरची सव्वीस तारीख होती. रेल्वेच्या कागदावर हिवाळा लागला होता, म्हणून बाहेर घाम येत असताना बाकांखालच्या गरम पाण्याच्या नळ्या चालू होत्या. सव्वीस वर्षं मी स्टेशनात काढली, गाड्यांचं सगळं मला कळतं असं गावाला वाटतं. आणि मी डबा नळीवर ठेवला होता.

आगातानं तो ओढून बाहेर काढला. फडक्याच्या खालच्या कडेनं काकवी पाझरली होती, तपकिरी डाग पसरत होता. "जळली असतील गं," ती म्हणाली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. "सेराफिना, सगळी जळली असतील."

"वरची बरी असतील. राहू दे तसंच."

"राहू दे काय? त्याच्यासमोर उघडायचा आणि आतून कोळसे निघायचे?" पिशवीतली कात्री काढून तिनं लाल दोरा कापला. आईच्या हातचा टाका. कात्रीचा तेवढाच आवाज, पण लोमुश्शो जागे झाले.

जळली नव्हती. खालच्या थरातली पानं तेवढी काळी पडली होती. आठही क्रूस शाबूत, चकाकणारे, प्रत्येकावर तो तुटका अंगठा. कप्पाभर वास सुटला. आगातानं सुस्कारा सोडला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपल्या मांडीवर खाण्याचा डबा उघडा आहे आणि समोर चार माणसं बसली आहेत.

आता हे तुम्हाला समजवायला नको. उघड्या डब्यापुढं "घ्या" म्हणायचं असतं. ऐकणाऱ्यानं "सावकाश होऊ द्या" म्हणायचं असतं. मग डबा बंद करायचा. गाडीत डबा तोंडासमोर धरला आणि कुणी त्यातून काही घेतलं, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मुसोलिनीच्या काळात, युद्धात, भुकेनं डोळे फिरलेली माणसंही "सावकाश होऊ द्या" म्हणायची, असं माझी आजी सांगायची.

"घ्या," आगाता लोमुश्शोंना म्हणाली.

"होऊ द्या, होऊ द्या. आत्ताच जेवलोय."

"घे गं," मला.

"नको, पोट भरलंय."

मग तिनं डबा त्या दोघांपुढं केला, झाकण दुसऱ्या हातात तयार ठेवून. "घ्या."

"मनःपूर्वक आभार," वाउटर म्हणाला, आणि एक क्रूस उचलला. मग बायकोसाठी दुसरा.

 लोमुश्शोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आगाताचा झाकणाचा हात तसाच हवेत.

"हे अत्यंत रुचकर आहे," तो भरल्या तोंडानं म्हणाला. त्यानं आपलं प्रवासाचं जाडजूड पुस्तक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवून मला दाखवलं. खाली पेन्सिलीची रेघ होती. दक्षिणेत देऊ केलेलं अन्न नाकारू नये, यजमानास दुःख होतं, असं काहीसं त्यात लिहिलं होतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. जेवण नुकतंच झालं असणार, पोटात जागा नव्हती. बिचारा आम्हाला दुःख होऊ नये म्हणून खात होता.

मी आगाताच्या पायावर पाय दिला. झाक, असं डोळ्यांनी सांगितलं. तिनं झाकलंही असतं. पण टिनेकानं क्रूस डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "हे कोणी केले?"

"माझ्या आईनं," आगाता म्हणाली.

"अहो, आपल्या मातोश्रींनी! त्यांचे वय काय?"

आगातानं माझ्याकडं पाहिलं. मग स्वेटरची बाही नीट केली. "चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी आहे. गुडघे दुखतात, बाकी बरी आहे."

तेव्हा मला कळलं, ती तालीम करते आहे. घरी आरशासमोर हे वाक्य तिला जमत नव्हतं. "बरी" म्हणताना आवाज फुटायचा. इथं फुटला नाही. समोर परकी माणसं, त्यांना काही ठाऊक नाही, गावातलं कुणी नाही. ती बोलत सुटली. आई पहाटे उठते. कोंबड्यांची नावं ठेवते, आणि नावंही कसली, बिशपांची. फोनवर ओरडून बोलते, तोरिनो लांब आहे म्हणून. सगळं 'आहे', 'करते', 'म्हणते'. तेवीस दिवसांत तिच्याजवळ आईबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. सगळे हळू आवाजात 'होती' म्हणायचे.

टिनेका हसत होती, मान डोलावत होती. तिनं खाऊन संपवलं तसा आगाताचा हात आपोआप पुढं झाला. "घ्या. आणखी घ्या." त्यांनी आणखी एकेक घेतला. त्या पुस्तकानं त्यांची सुटका ठेवली नव्हती, आणि आगाताची आमच्या रीतीनं.

"बाई," लोमुश्शो आमच्या गावठी बोलीत, खिडकीकडं बघत पुटपुटले, "झाका ते. हे लोक पत्राही खातील."

"तुम्ही गप्प बसा हो. माझ्या आईचं कौतुक चाललंय."

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. त्या दोघांना खाताना पाहून तो बावचळला. रीत कुठली लागू आहे हेच त्याला समजेना. आगाता म्हणाली, "घ्या साहेब." तो म्हणाला, "होऊ द्या." ती म्हणाली, "घ्या हो, हे घेतायत की." आता परदेशी लोक घेतात आणि आपला माणूस घेत नाही, हाही अपमानच झाला ना? त्यानं टोपी काढली आणि एक घेतला. जाताना म्हणाला, "चिच्चामावशीच्या हातचं वाटतं. आमच्याकडं अशीच चव." तो आमच्या पलीकडच्या गावचा निघाला. तिची बातमी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. आगातानं मान खाली घातली.

वाउटरनं कॅमेरा काढला. "अनुज्ञा आहे काय?" आगाता लाजली, केसांवरून हात फिरवला, डबा मांडीवर तिरका धरला. त्यानं काहीतरी भयंकर चुकीचं वाक्य म्हटलं, कोंबडीला घोडा म्हणाला की काय, आणि ती हसली. खळखळून. तेव्हाच त्यानं फोटो काढला. मग वहीत माझ्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

बारी जवळ आलं तसं अंधारायला लागलं. पाठपिशव्या खाली आल्या. डब्यात तीन क्रूस उरले होते. मी मनात म्हणत होते, तीन पुरेत. चपटा अंगठा तीनदा दिसेल. प्रवासात पाझरली, फेकावी लागली, असं सांगू.

दाराशी टिनेका थांबली. शब्द शोधत म्हणाली, "माझी आईसुद्धा आहे. अठ्ठ्याऐंशी. पण ती मला ओळखत नाही. मला ती 'बाई' म्हणते. 'बाई, खिडकी लावा.'"

आगातानं दोन क्रूस उचलले, तमालपत्रात गुंडाळले, वर्तमानपत्राचा तुकडा घातला आणि तिच्या हातात दिले. "तुमच्या आईला."

मी तिचा दंड धरला. अगदी नखं रुतवून. तिनं माझा हात काढला.

"आगाता, वेडी झालीस?" ती दोघं उतरल्यावर मी म्हणाले. "त्याला काय दाखवणार?"

"एक आहे की. डॉक्टर एकापेक्षा जास्त खाऊ देणार नाहीत." मग थोड्या वेळानं, "हिची आई जिवंत आहे, सेराफिना. जिवंत आहे तर खाऊ दे."

बारीलाच लोमुश्शोही उतरले. जाताना त्यांनी खिशातून नमुन्याची सुई-दोऱ्याची डबी काढून माझ्या हातात ठेवली. "शिवून घ्या परत," म्हणाले. "माफ करा, लाल संपलाय." डबीत पांढरा, काळा आणि निळा होता. पांढरा ताबडतोब मळला असता. काळा घ्यायची हिंमत नव्हती. निळ्यानं शिवलं.

दुसऱ्या दिवशी तोरिनोला पोचलो. इस्पितळात दुपारी एक ते दोन भेटायची वेळ. दहा खाटांची खोली, त्यातले सात जण आमच्याकडचे. कारखान्यानं दक्षिणेची सगळी माणसं एका खोलीत आणून ठेवली होती. साव्हेरियो उशांना टेकून बसला होता. माझ्या आठवणीतला साव्हेरियो फुटबॉल खेळायचा. हा त्याच्या बापासारखा दिसत होता, बाप गेला तेव्हाच्या. नाकात नळी. पण डोळे अंघोळ केल्यासारखे स्वच्छ.

"निळं छान दिसतं तुला," तो बहिणीला म्हणाला.

"कुमारेचं आहे."

"आई?"

"चौऱ्याऐंशीची झाली की रे," आगाता म्हणाली, गाडीत म्हटलं होतं तसंच, एक स्वरही न हलता. "गुडघे दुखतात. बाकी बरी आहे." मला वाटलं, जमलं. ती कोंबड्यांचं सांगायला लागली. नवा बिशप फार टोचतो म्हणाली. साव्हेरियो हसला, खोकला आला, तो ओसरेपर्यंत आम्ही भिंतीकडं पाहिलं.

मग त्यानं हात पुढं केला. आगातानं डबा दिला.

त्यानं तो मांडीवर घेतला आणि शिवण पाहिली. बोटानं एका टाक्यावरून दुसऱ्यावर गेला, सगळीकडून.  दात लावून दोरा तोडला, झाकण काढलं. पानांवर सात चिकट डाग होते, क्रूसाच्या आकाराचे, आणि एका कोपऱ्यात एकुलता एक क्रूस.

"वाटेत काकवी सांडली," मी म्हणाले. "नळीवर ठेवला मी. माझीच चूक. बाकीची टाकावी लागली."

त्यानं माझं ऐकलं असं वाटलं नाही. तो क्रूस त्यानं तळहातावर घेतला आणि आपला अंगठा त्या तुटक्या खळग्यात ठेवला. तसाच बसून राहिला. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं रेडिओ बंद केला.

"केव्हा?" तो म्हणाला.

"काय केव्हा?" आगाता म्हणाली. "अरे, गुडघे..."

"आगाता. आई जिवंत असताना तिचा डबा उघडायची तुझी छाती झाली असती का? केव्हा?"

आगातानं स्वेटरची बाही नीट केली.

"तीन तारखेला," आगाता म्हणाली.

त्यानं मान हलवली. तीन, दहा, सतरा, चोवीस. रविवार मोजत असावा. "पाद्रीबुवांना माहीत होतं?"

"हो."

"सगळ्या गावाला?"

"हो."

"म्हणजे कोंबड्यांनाही," तो म्हणाला. मग पुन्हा तिच्याकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "आणि तू निळं घातलंस."

तिनं तिथल्या तिथं स्वेटर काढायला घेतला. आत नुसता झगा होता, गुंड्या सुटेनात, हात बाहीत अडकला. मी तिला आवरलं. तो पाहत होता. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

वेळ संपल्याची घंटा झाली. साव्हेरियोनं तो एक क्रूस झाकणात ठेवला आणि झाकण शेजारच्या खाटेकडं धरलं.  "घ्या."

"सावकाश होऊ द्या," शेजारी म्हणाला.

त्यानं समोरच्याकडं धरलं. "घ्या."

"होऊ द्या, भाऊ. पोट भरलंय."

असं आमच्याकडच्या एकेकाकडं. सगळ्यांना रीत ठाऊक. कुणी घेतलं नाही. शेवटी झाकण त्यानं टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड केलं. त्याला गिळता येत नव्हतं. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. बोळ्यानं पाणी देत होते त्याला.

डॉक्टर नाताळपर्यंत म्हणाले होते. तो संत मार्तिनच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला गेला, गावात नवी वाइन उघडत होते तेव्हा. परिचारिकेनं सांगितलं, आम्ही गेल्यापासून त्यानं पाण्याचा बोळाही बाजूला सारला, नुसता सलाइनवर होता. कमी पडलेले ते सहा आठवडे आगातानं कधी त्या परदेशी माणसांच्या नावावर लावले नाहीत. एकदा मी लावायला गेले तर म्हणाली, "त्यांनी मागितलं होतं का? मीच म्हटलं ना, घ्या म्हणून." आणि डबा मी नळीवर ठेवला, हे तर तिनं एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर मला झोप लागली असती.

डिसेंबरात माझ्या दुकानात पाकीट आलं. आत फोटो. निळ्या स्वेटरातली आगाता, लाल ओठ, डोळे मिटेपर्यंत हसलेली. मांडीवर डबा, डब्यात चकाकणारे क्रूस. तिनं स्वतःकडं पाहिलंच नाही. फोटो खिडकीपाशी नेला. "हा बघ अंगठा," म्हणाली. "इथं. आणि इथं." चिच्चामावशीचा स्वतःचा फोटो एकच, ओळखपत्रावरचा, त्यात ती गुन्हेगार दिसते.

"ठेव तुझ्याकडं. घरी दिसला तर लोक विचारतील, मेल्या आईच्या महिन्यात ही कशाला हसत होती." तेव्हापासून तो माझ्याकडं कपांच्या फळीमागं आहे.

सोबत पत्र होतं. आमच्या महिनाभराच्या प्रवासातला सर्वोत्कृष्ट पदार्थ. टिनेकाच्या आईने एक ग्रहण केले, दुसऱ्यात तिची कवळी अडकली. आपल्या मातोश्रींना सादर वंदन.

"काय लिहू उत्तरात?" मी विचारलं.

आगाता काळ्यात बसली होती. आता दोघांचं काळं. कॉफी ढवळत राहिली, साखर न घालता.

"लिही, आई आशीर्वाद देते."

तेव्हापासून दर नाताळाला कार्ड येतं. त्यांचा पास संपला, नोकऱ्या संपल्या, टिनेकाची आई गेली. तेही त्यांनी कळवलं, काळ्या कडेच्या कागदावर, तारखेसकट. त्यांच्याकडं सांगतात. आणि दर सप्टेंबरात आगाता अंजिरं करते. तिसऱ्या वर्षी तिला शोध लागला, अंगठा पेरापाशी दुमडून दाबला की खळगा चपटा, एका बाजूनं तुटका पडतो. हुबेहूब. माझ्या दुकानात येऊन तिनं टेबलावर पावाच्या गाभ्यावर दाबून दाखवला. आम्ही दोघी त्या गाभ्याकडं पाहत राहिलो. मग तिनं तो खाऊन टाकला.

आठ क्रूस, तमालपत्रं, बिस्किटांचा डबा, पांढरं फडकं. लाल दोरा. पत्ता हॉलंडचा.

यंदाचं कार्ड काल आलं. आपल्या मातोश्रींनी नव्वदीत पदार्पण केले असेल, असं त्यानं हिशेब करून लिहिलंय, अभिनंदन केलंय आणि प्रकृती विचारलीय. मी चष्मा लावला, पेन घेतलं.

"काय लिहू?"

आगाता खिडकीतून फलाटाकडं बघत होती. दुपारची गाडी उशिरानं होती.

"लिही," ती म्हणाली, "गुडघे दुखतात. बाकी बरी आहे."